पाण्यावरून आलेलं कॅथीड्रल

मिलान शहराजवळून मोठी नदी वाहत नाही. लाम्ब्रो, ओलोना, सेव्हेसो असे किरकोळ प्रवाह आहेत, पण जड माल वाहून आणण्याजोगा त्यांत एकही नाही. समुद्र शंभरावर किलोमीटर लांब. आल्प्स उत्तरेला, हवा स्वच्छ असेल तरच दिसणारा. तरीही या शहराच्या मधोमध उभं असलेलं दुओमो, म्हणजे इथलं मुख्य कॅथीड्रल, ज्या संगमरवराचं बनलंय तो संगमरवर शतकानुशतकं पाण्यावरून येत होता. डोंगरातल्या एका खाणीतून निघायचा, एक सरोवर ओलांडायचा, एक नदी उतरायचा आणि माणसांनी खणलेल्या कालव्यातून थेट शहराच्या पोटात, कॅथीड्रलपासून काही पावलांवर उतरवला जायचा.

महाराष्ट्रातून युरोपला निघणाऱ्या सहलींच्या कार्यक्रमपत्रिकेत मिलान आणि कोमो सरोवर बहुधा शेजारीशेजारी असतात. सकाळी दुओमो, मग त्याच्या बाजूची काचेच्या छताची ती भव्य गॅलरी, दुपारी खरेदी. दुसऱ्या दिवशी सरोवर, बोट, फोटो, परत. आमचीही सुट्टी अशीच धावपळीची होती आणि मी तिच्याबद्दल तक्रार करणार नाही. पण ही धावपळ चालू असताना एक गोष्ट मनात पक्की होत गेली. शहर आणि सरोवरं या इथे दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच. हिमनद्यांनी सरोवरं कोरली, सरोवरांनी नद्या दिल्या, नद्यांतून माणसांनी कालवे काढले आणि कालव्यांनी हे शहर बांधलं. मिलानमध्ये जे जे पाहून आपण थक्क होतो, त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा माग काढत गेलं की शेवटी पाणी लागतं.

कॅथीड्रलपासूनच सुरुवात करू. काम सुरू झालं १३८६ साली. आधीचा बेत इथल्या मैदानात सगळीकडे मिळणाऱ्या मातीच्या विटांचा होता. पण मिलानचा सत्ताधीश जान गालेआझ्झो व्हिस्कोंती याला आल्प्सपलीकडच्या राजांच्या तोडीचं काहीतरी हवं होतं. त्याने माज्जोरे सरोवराच्या वरच्या अंगाला असलेली कांदोल्याची खाण कॅथीड्रलच्या कामासाठी देऊन टाकली आणि दगडाच्या वाहतुकीवरची जकातही माफ केली. दगड पांढरा, त्यात गुलाबी झाक आणि कुठेकुठे राखाडी शिरा. १३८७ मध्ये बांधकाम पाहण्यासाठी जी संस्था स्थापन झाली, ‘व्हेनेरांदा फाब्रिका देल दुओमो’, ती आजही तेच काम करते आहे. खाणही तीच आहे. सहाशेहून अधिक वर्षं एकच संस्था, एकच खाण, एकच इमारत! कधीच न संपणाऱ्या कामाला मिलानचे लोक ‘दुओमोच्या बांधकामाइतकं लांबलेलं’ म्हणतात. दर्शनी भाग पुरा करायला नेपोलियनचा हुकूम लागला. याच इमारतीत १८०५ साली त्याने इटलीच्या राजाचा मुकुट स्वतःच्या हाताने स्वतःच्या डोक्यावर ठेवला. शेवटचा दरवाजा बसला तेव्हा १९६५ साल उजाडलं होतं.

आता त्या दगडाबरोबर प्रवास करू. कांदोल्याहून दगड तोचे नदीच्या काठी आणायचे आणि सपाट बुडाच्या पडावांत चढवायचे. तोचे माज्जोरे सरोवराला मिळते. सरोवराची लांबी उतरत पडाव दक्षिण टोकाला सेस्तो कालेंदेला यायचे. तिथून तिचिनो नदी बाहेर पडते. काही अंतर नदीतून जायचं आणि मग डाव्या अंगाला नाविल्यो ग्रांदे या कालव्यात शिरायचं. हा कालवा खणायला सुरुवात झाली बाराव्या शतकात, कॅथीड्रलच्या दोनशे वर्षं आधी. सुमारे ५० किलोमीटर लांबीत तो जेमतेम ३४ मीटर उतरतो. त्या काळी ना दुर्बीण होती ना आजची मोजमापाची यंत्रं. पाण्याची पातळी हीच मोजपट्टी. एवढ्या बेतशीर उतारामुळे भरलेला पडाव प्रवाहाबरोबर आपसूक मिलानकडे यायचा आणि रिकामा पडाव काठावरच्या वाटेने घोडे ओढत परत न्यायचे.

शहराशी पोचल्यावर मात्र मोठी अडचण होती. शहराभोवतीच्या खंदकाची पातळी कालव्यापेक्षा उंच होती, आणि कॅथीड्रलजवळ जायचं तर त्या खंदकातूनच जावं लागायचं. टनांनी वजनाचे दगड घेतलेला पडाव वर चढवायचा कसा? पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात कॅथीड्रलच्याच अभियंत्यांनी त्यावर उपाय केला. कालव्यात पुढेमागे दोन दरवाजे बसवून मधे कोठी करायची. पडाव खालून आत घ्यायचा, मागचं दार लावायचं, पुढच्या बाजूने वरचं पाणी हळूहळू आत सोडायचं. पाणी भरत जातं, पडाव त्याच्याबरोबर वर उचलला जातो, पातळी सारखी झाली की पुढचं दार उघडतं. दगड उचलायला एकाही माणसाला जोर लावावा लागत नाही. पाणीच पाण्यावरच्या ओझ्याला उचलतं. व्हियारेन्नाची ती जुनी कोठी आजही शहरात जपून ठेवलेली आहे. जवळून ट्रॅफिक जात असतं आणि मधे ही कोरडी, गवत उगवलेली जागा.

लिओनार्दो द विंची मिलानला आला १४८२ च्या सुमारास. म्हणजे या कोठ्या त्याच्या आधीच्या आहेत, जरी अनेक वाटाडे त्या त्याच्या नावावर खपवतात. त्याने जे चित्रांतून मांडलं ते कोठीचं दार. वरखाली सरकणाऱ्या एका जड फळीऐवजी दोन झडपा, बिजागऱ्यांवर फिरणाऱ्या. बंद झाल्या की त्या सरळ रेषेत न बसता वरच्या पाण्याच्या दिशेला टोक करून, एकमेकींवर रेलून बसतात. मग वरचं पाणी जितकं जोराने दाबेल, तितक्या त्या झडपा एकमेकींवर घट्ट बसतात. दाराला कडी नको, टेकू नको. ज्या पाण्याला अडवायचं तेच पाणी दार दाबून धरतं. आणि झडपेच्या तळाशी एक छोटी खिडकी, तिच्यातून पाणी आत घेऊन दोन्ही बाजू समान केल्या की एक-दोन माणसं दार उघडू शकतात. पनामा कालव्याच्या अवाढव्य दारांपर्यंत हीच रचना गेली. ती आकृती लिओनार्दोच्या ‘कोदेक्स अत्लांतिकुस’ या हस्तलिखितसंग्रहात आहे, आणि तो संग्रह मिलानच्याच अँब्रोझियाना ग्रंथालयात आहे.

या कोठ्यांतून वर चढलेला पडाव खंदकातून फिरून दुओमोच्या मागच्या बाजूला, सांतो स्तेफानोच्या छोट्याशा तलावात थांबायचा. तलाव एकोणिसाव्या शतकात बुजवला. तिथे आज वीया लागेत्तो नावाची गल्ली आहे.

हे डोक्यात घेऊन दुओमोच्या छतावर चढा. वेळ कमी असेल तर आतली फेरी आटोपती घ्या, पण छत सोडू नका. ५२ खांबांनी तोललेल्या त्या अंधाऱ्या, उंच दालनातून बाहेर पडून वर आलं की आपण दगडाच्या रानात शिरतो. १३५ शिखरं आणि सगळ्या इमारतीवर मिळून सुमारे ३,४०० पुतळे. कित्येक पुतळे अशा जागी आहेत की खालून ते कुणाला दिसण्याची शक्यताच नव्हती. तरी त्यांच्या बोटांची नखं कोरलेली आहेत. मुख्य शिखरावर १७७४ साली बसवलेली मादोन्निना, सोन्याच्या मुलाम्याची मेरीमाता, जमिनीपासून १०८.५ मीटरवर. तिच्याहून उंच काही बांधायचं नाही, असा शहराचा संकेत होता. पुढे उंच इमारती आल्याच. मग संकेत कसा पाळायचा? पिरेल्ली मनोऱ्याच्या माथ्यावर तिची लहान प्रतिकृती नेऊन बसवली. त्याहून उंच मनोरे झाले तेव्हा त्यांच्यावरही बसवली. सर्वांत उंच जागा अजून तिचीच आहे.

छतावर नीट पाहिलं तर एकाच कमानीत काही दगड करडे आणि काही ताजे गुलाबी-पांढरे दिसतात. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. कोळशाच्या आणि कारखान्यांच्या धुरातला गंधक पावसात मिसळून त्याचं आम्ल होतं, आणि ते या दगडाच्या पृष्ठभागाचं जिप्सम करून टाकतं. त्यात काजळी अडकते, पापुद्रा धरतो आणि गळतो. म्हणून झिजलेला तुकडा काढून त्याच खाणीचा, त्याच मापाचा नवा तुकडा बसवायचं काम अखंड चालू असतं. उभारणी संपली तेव्हा दुरुस्तीला आधीच सुरुवात झालेली होती.

खाली, मुख्य दरवाजातून आत शिरताच जमिनीत पितळेची एक बारीक पट्टी आहे. ब्रेरा वेधशाळेच्या ज्योतिर्विदांनी ती १७८६ मध्ये बसवली. दक्षिणेकडच्या उंच छिद्रातून येणारा सूर्याचा ठिपका माध्यान्हीला या पट्टीवर येतो. उन्हाळ्यात एका टोकाशी, हिवाळ्यात दुसऱ्या टोकाशी. त्यावरून शहराची घड्याळं लावली जात. रांगेतून आत आलेली माणसं ती ओलांडून वर खांबांकडे बघत जातात. तुम्ही एकदा खाली बघा.

लिओनार्दोचं ‘अंतिम भोजन’ पाहायला मात्र घाई करून चालत नाही. तिथे घाई चित्रच ठरवतं. सांता मारिया देल्ले ग्रात्सिए मठाच्या भोजनगृहात थोड्याथोड्या लोकांना पंधरा मिनिटांपुरतं सोडतात, तेही एकामागून एक बंद होणाऱ्या दारांतून, म्हणजे बाहेरची दमट, धुळीची हवा आत जाऊ नये. इतकी काळजी का? भिंतीवरचं टिकाऊ चित्र ओल्या गिलाव्यावर काढतात. गिलावा वाळताना रंग त्यात कायमचा बांधला जातो, पण त्यासाठी भरभर रंगवावं लागतं. लिओनार्दोला भरभर रंगवायचं नव्हतं. त्याला दिवसचे दिवस थांबायचं होतं, पुसायचं होतं, सावली आणखी मऊ करायची होती. म्हणून १४९५ ते १४९८ च्या सुमारास त्याने कोरड्या भिंतीवर रंग चढवले. भिंतीतली ओल मागून आली आणि त्याच्या हयातीतच रंग सुटू लागले. १६५२ मध्ये मठवासीयांनी भिंतीत दरवाजा काढला, त्यात येशूचे पाय गेले. ऑगस्ट १९४३ मध्ये बॉम्ब पडून भोजनगृहाचं छत आणि एक भिंत कोसळली. वाळूच्या पोत्यांनी झाकलेली चित्राची भिंत उभी राहिली. पिनिन ब्राम्बिल्ला बार्चिलोन या जीर्णोद्धारकर्तीने १९७८ ते १९९९ अशी एकवीस वर्षं सूक्ष्मदर्शकाखाली इंचाइंचाने त्यावरची नंतरची रंगरंगोटी उतरवली. येशूच्या कपाळाच्या बाजूला खिळ्याचं एक बारीक भोक सापडलं. तिथून दोऱ्या ताणून लिओनार्दोने त्या खोलीच्या सगळ्या रेषा आखल्या होत्या, म्हणून तर कुठूनही पाहिलं तरी नजर त्याच चेहऱ्यावर येऊन थांबते.

आता सरोवराकडे. मिलानो चेंत्राले स्टेशनवरून कोमो सरोवराकाठच्या व्हारेन्नाला जाणारी गाडी तासाभरात पोचवते. डाव्या बाजूला बसा. लेक्को सुटलं की पाणी त्याच बाजूला उघडतं. कोमो सरोवराचा आकार इंग्रजी ‘वाय’ उलटा धरावा तसा. वरून अद्दा नदी येते, मधे बेल्लाज्योच्या टोकापाशी पाणी दुभंगतं, एक पाय लेक्कोला उतरतो आणि दुसरा कोमोला. गंमत अशी की अद्दा बाहेर पडते ती फक्त लेक्कोच्या पायातून. कोमोच्या पायाला बाहेर जायची वाटच नाही. त्यामुळे पाऊस फार झाला की कोमो शहराचा सरोवराकाठचा चौक पाण्याखाली जातो.

पाण्याचा पृष्ठभाग समुद्रसपाटीपासून १९८ मीटर उंचीवर आहे. सरोवराची खोली ४०० मीटरहून जास्त. म्हणजे आल्प्सच्या कुशीतल्या या सरोवराचा तळ समुद्रसपाटीच्या दोनशेहून अधिक मीटर खाली आहे! नदी इतकी खोल खणू शकत नाही. ती समुद्राच्या पातळीपर्यंत पोचली की तिची धार बोथट होते. मग हे झालं कसं? निम्मं उत्तर हिमनद्यांचं. आपल्या सह्याद्रीच्या दऱ्या पावसाच्या पाण्याने कापल्या आहेत, त्यामुळे त्या तळाशी अरुंद होत जातात. इथे हिमयुगांत हजार मीटरहून जाड बर्फ दरीतून सरकत होता. बर्फ तळ आणि बाजू दोन्ही खरवडतो, आणि स्वतःच्या वजनाने समुद्राच्या पातळीखालीही खणू शकतो. कोमोच्या दक्षिणेला ब्रियान्झाच्या ज्या मऊ टेकड्या आहेत, त्या म्हणजे या हिमनद्यांनी आणून टाकलेला दगडमातीचा ढीग. तोर्नो गावाजवळच्या जंगलात चुनखडकाच्या खुंटावर ग्रॅनाइटचा एक प्रचंड गोटा तोललेला आहे. त्या परिसरात ग्रॅनाइट मिळतच नाही. तो बर्फाच्या पाठीवर बसून उत्तरेच्या दरीतून आला.

उरलेलं निम्मं उत्तर मला जास्त थरारक वाटतं. सुमारे ६० ते ५३ लाख वर्षांपूर्वी अटलांटिकशी असलेली वाट बंद होऊन भूमध्य समुद्र जवळपास आटला होता. समुद्र खाली गेला तेव्हा त्याला मिळणाऱ्या आल्प्सच्या नद्यांचा उतार एकाएकी वाढला, आणि त्यांनी खडकात अफाट खोल घळी कापल्या. सरोवराच्या तळाच्या गाळाखालचा खडक ध्वनिलहरींनी तपासला तेव्हा तो आणखी शेकडो मीटर खोल निघाला आणि त्याचा आकार नदीने कापलेल्या घळीसारखा दिसला. म्हणून अनेक भूवैज्ञानिक मानतात की हिमनद्या नंतर आल्या. त्यांना वाट आधीच कापून मिळाली होती. बेल्लाज्योच्या धक्क्यावर आइसक्रीम खात उभं असताना पायाखालच्या त्या निळ्या पाण्याच्या जागी एका आटलेल्या समुद्राकडे धावणारी नदी होती, हे मनात आणून पाहा.

एवढं पाणी एका जागी असलं की ते स्वतःचं हवामान तयार करतं. उन्हाळ्यात साठवलेली उष्णता सरोवर हिवाळाभर हळूहळू सोडत राहतं. म्हणून वर शिखरांवर बर्फ आणि खाली काठावर ऑलिव्ह, लिंबू, कॅमेलिया. वाऱ्यांचंही वेळापत्रक आहे. पहाटेपासून सकाळपर्यंत थंड हवा दऱ्यांतून खाली घसरते, तो उत्तरेचा वारा ‘तिव्हानो’. ऊन चढून डोंगरउतार तापले की तिथली हवा वर जाते आणि मैदानाकडची हवा आत ओढली जाते, तो दुपारचा दक्षिणेचा वारा ‘ब्रेव्हा’. इंजिन येण्याआधी सगळा व्यापार या दोन वाऱ्यांवर चालायचा. सकाळी खाली, दुपारी वर. आजही दुपारी फेरीबोटीच्या उघड्या भागात उभं राहिलं की ब्रेव्हा तोंडावर येतो.

काठांवरच्या गावांत ‘मिस्सोल्तिनी’ नावाचा पदार्थ मिळतो. सरोवरातले लहान मासे मिठात मुरवून उन्हात वाळवायचे, तमालपत्राच्या थरांत दाबून ठेवायचे आणि खाताना भाजायचे. कोकणातल्या माणसाला पहिल्याच घासाला सुका बांगडा आठवेल. माशांच्या वासाने नाक मुरडणाऱ्यांनी त्या वाटेला जाऊ नये, पण मला त्या सहलीतलं सगळ्यांत खरं जेवण तेच वाटलं.

काठावरच्या हवेल्या पाहायला सगळं जग लोटतं. त्रेमेझ्झोची व्हिल्ला कार्लोत्ता वसंतात अझेलियांनी पेटलेली असते. लेन्नोच्या टोकावरची व्हिल्ला देल बाल्बियानेल्लो बाँडपटातून अनेकांनी पाहिली आहे. तिचा शेवटचा मालक ग्विदो मोंझिनो होता, १९७३ च्या पहिल्या इटालियन एव्हरेस्ट मोहिमेचा नेता. त्याने घर राष्ट्रीय वारसा जपणाऱ्या एका संस्थेला देऊन ठेवलं आणि त्याच्या मोहिमांचं सामान तिथेच आहे. भूमध्यसागरी बाग, दाराशी सरोवर आणि वरच्या मजल्यावर हिमालय.

पण वेळ दोन हवेल्यांपुरताच असेल, तर नजर तोर्नोजवळच्या व्हिल्ला प्लिनियानाकडेही असू द्या, बोटीतून दिसते तेवढी. तिच्या आवारात एक झरा आहे. त्याचं पाणी दिवसातून अनेकदा चढतं आणि उतरतं, आपोआप, भरतीओहोटीशी काहीही संबंध नसताना. धाकट्या प्लिनीने पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या संधिकाळात एका पत्रात त्याचं वर्णन केलं, कारणांचे चार-पाच तर्क मांडले आणि मित्राला विचारलं की तुला काय वाटतं? चौदाशे वर्षांनी लिओनार्दोनेही आपल्या टिपणांत या झऱ्याची नोंद घेतली. आज त्याचं स्पष्टीकरण असं देतात: चुनखडकात आत पोकळी आहे आणि तिच्यातून बाहेर येणारी वाट वक्रनळीसारखी वळलेली. पोकळी भरत भरत वळणाच्या वर गेली की सगळं पाणी एका दमात ओढलं जातं, हवा शिरली की प्रवाह तुटतो, आणि पुन्हा भरायला सुरुवात. शाळेच्या प्रयोगशाळेतली ती वाकडी काचेची नळी इथे डोंगराने केलेली आहे.

दोन्ही प्लिनी कोमोचेच. थोरला इसवी सन ७९ मध्ये व्हेसूव्हियसच्या उद्रेकात गेला, आणि त्या उद्रेकाचं डोळ्यांनी पाहिलेलं वर्णन धाकट्याने लिहून ठेवलं. कोमोच्या कॅथीड्रलच्या मुख्य दाराच्या दोन बाजूंना या दोघांचे पुतळे आहेत. दोघेही ख्रिस्ती नव्हते. चर्चच्या दारावर संतांच्या जागी आपल्या गावचे दोन विद्वान बसवणारं ते गाव मला फार आवडलं.

याच गावात १७४५ मध्ये अलेस्सांद्रो व्होल्टा जन्मला. बोलोन्याच्या गॅल्व्हानीने मेलेल्या बेडकाच्या पायाला दोन धातू लावले आणि पाय उडाला. त्याचं म्हणणं, वीज प्राण्याच्या शरीरात असते. व्होल्टाचं म्हणणं, वीज दोन वेगळ्या धातूंमुळे आली, बेडूक फक्त ओला होता. हे सिद्ध करायला त्याने बेडूकच काढून टाकला. जस्त आणि चांदीच्या चकत्या एकाआड एक रचल्या, मधे खारट पाण्यात भिजवलेले पुठ्ठे ठेवले, आणि जगात पहिल्यांदा वीज एका क्षणाच्या ठिणगीऐवजी सलग वाहू लागली. २० मार्च १८०० रोजी त्याने कोमोहून लंडनच्या रॉयल सोसायटीला ते पत्राने कळवलं. तुमच्या खिशातल्या फोनची बॅटरी त्या रचनेचीच वंशज आहे. त्याची मूळ उपकरणं १८९९ च्या प्रदर्शनात लागलेल्या आगीत बहुतेक जळाली. सरोवराकाठच्या त्याच्या स्मारक-संग्रहालयात वाचलेल्या वस्तू आणि प्रतिकृती आहेत. फेरीबोटीची वाट पाहत असाल तर तो अर्धा तास तिथे घालवा. वरच्या ब्रुनाते गावाला नेणारी, १८९४ पासूनची दोरखंडाची रेल्वेही तिथून चालत जाण्याइतकी जवळ आहे.

लेक्कोहून निघालेली अद्दा दक्षिणेला जाते. पंधराव्या शतकात, मिलानचा सत्ताधीश फ्रांचेस्को स्फोर्झा याच्या काळात, त्रेझ्झोजवळ तिच्यातून मार्तेसाना कालवा काढून मिलानला नेला. त्याच्या वरच्या अंगाला पादेर्नोजवळ नदी खडकांवरून उड्या मारत येते. तिथून होड्या नेण्याची जागा लिओनार्दोने निरखून ठेवली होती, पण तो जोडकालवा पुरा व्हायला १७७७ साल उजाडावं लागलं. त्यानंतर कोमोच्या सरोवरात होडीत बसलेला माणूस मिलानच्या मधोमध उतरू शकत होता. एका बाजूने माज्जोरेचं पाणी आणि दुसऱ्या बाजूने कोमोचं, अशी दोन सरोवरं ज्या शहरात येऊन मिळाली त्या शहराने १९२९-३० मध्ये मोटारींसाठी आतले कालवे झाकून टाकले. मिलानच्या दार्सेना बंदरात शेवटचा वाळूचा पडाव लागला १९७९ साली. माझ्या मते ते झाकणं ही मिलानने स्वतःचीच केलेली मोठी हानी आहे, आणि ते पुन्हा उघडावेत म्हणून तिथे जे लोक आग्रह धरतात त्यांच्या बाजूने मी आहे.

तेव्हा मिलान-कोमोची सहल आखत असाल तर ‘अंतिम भोजना’चं तिकीट आधी काढा, ते सगळ्यांत लवकर संपतं. मग खरेदीतली एक दुपार कमी करा आणि मार्तेसानाच्या काठाने चाला. जिथून घोडे पडाव ओढायचे ती वाट आता सायकलींची आणि पायी चालणाऱ्यांची आहे, तिला तिकीट नाही, आणि शेजारून वाहणारं पाणी अजूनही कोमो सरोवरातून आलेलं असतं.